दाराकडे पाठ

हॅकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जो प्राणी उभा राहतो, त्याच्याशी किल्लीचं काहीही जुळत नसे. अंधारी खोली नाही, कपाळापर्यंत ओढलेली टोपी नाही, काळ्या पडद्यावरून धो धो वाहणारी हिरवी अक्षरं नाहीत. चाळिशी केव्हाच ओलांडलेली बाई, नाकावरून घसरणारा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत डब्याशेजारी स्क्रूड्रायव्हरचा संच, कारण कुठे काय उघडायची वेळ येईल याचा नेम नाही. एका कॉलेजच्या ऑफिसात ती कॉम्प्युटर सांभाळायची. परीक्षांचे निकाल, प्रवेशाच्या याद्या, प्राचार्यांचा सदा रुसलेला प्रिंटर, सगळं तिच्याच गळ्यात. तरी कॉलेजात तिला हॅकरच म्हणत, तेही तोंडावर.

त्याला कारण घडलं होतं. एका वर्षी निकाल लागायच्या तोंडावर निकालाची सगळी यंत्रणा बंद पडली. कंपनीच्या माणसांनी दोन दिवस खटपट करून हात टेकले. किल्लीनं कंपनीचं तीनशे पानांचं पुस्तक मागवलं आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. लोक हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनशे बाराव्या पानावर तिला हवं ते सापडलं आणि संध्याकाळी निकाल लागला. तेव्हापासून लोक तिला हळूच बाजूला घ्यायला लागले. "तेवढा आमच्या ह्यांचा फोन उघडून द्याल का?" "पोराचे चार मार्क इकडचे तिकडे होतील का हो?" अशा वेळी ती चष्मा वर करून एवढंच म्हणायची, "तुमचं स्वतःचं काही अडकलं असेल तर सांगा." मग ती माणसं तिला शिष्ट म्हणायची.

खरं सांगायचं तर हॅकर म्हणजे नव्वद टक्के कंटाळवाणं वाचन आणि दहा टक्के खाज. ही वस्तू अशीच का चालते, आणि बनवणाऱ्यानं जिथे कुणी हात लावणार नाही असं धरून ठेवलंय तिथे हात लावला तर काय होईल, ही ती खाज. ती शिकवून येत नाही आणि सांगून जात नाही. चोरालाही ती असू शकते, हे खरं आहे. पण म्हणून खाज असलेला प्रत्येक जण चोर, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यात एखादं घड्याळसुद्धा उघडून पाहिलेलं नसतं.

किल्लीला ही खाज वडिलांकडून आली. वडील कुलूपवाले. बाजाराच्या टोकाला एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, इतकं लहान की गिऱ्हाईक आत आलं तर वडिलांना बाहेर यावं लागे. पोर दिवसभर तिथेच किल्ल्यांच्या ढिगात खेळायची, म्हणून तिचं नाव किल्ली पडलं ते पडलंच. सासरीसुद्धा तेच चाललं. सातव्या वर्षी ती साधं कुलूप तारेनं उघडायला शिकली. त्याच दिवशी वडिलांनी तिला धंद्याचा एकमेव नियम सांगितला.

"कुलूप उघडलं की आपलं काम संपलं. दार मालकानं ढकलायचं. आपण दाराकडे पाठ करून उभं राहायचं."

"का पण, बाबा? आपण काय चोर आहोत?"

"चोराला कुठला आलाय नियम? नियम आपल्यासाठी. आत काय आहे ते एकदा दिसलं ना, की ते आपल्या घरी राहायला येतं. मग त्याला घालवता घालवता नाकी नऊ येतात."

आणि ते तसं वागायचे. एका म्हातारीचं कपाट त्यांनी उघडून दिलं, आणि ती आतल्या वस्तू एकेक काढून रडत बसली, तेव्हा बाबा चांगली वीस मिनिटं समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे होते. किल्लीही त्यांच्या शेजारी उभी होती. तिचा तो महिना तारखांसकट पाठ झाला.

कॉम्प्युटरवर आल्यावर किल्लीनं हा नियम जसाच्या तसा उचलला. कुठल्या दुकानाच्या, कुठल्या क्लासच्या वेबसाइटला भोक दिसलं, तर ती ते फक्त स्वतःच्या नावावर तपासून बघायची. मग मालकाला पत्र लिहायची, तुमच्या दाराला कडी नाही, लावून घ्या. खाली स्वतःचं नाव, पत्ता, फोन. अशी दहा-बारा पत्रं झाली असतील. दोघांनी आभार मानले, एकानं शिव्या घातल्या, बाकीच्यांनी गुपचूप भोक बुजवलं आणि वर तोंडसुद्धा दाखवलं नाही. किल्लीला त्याचं काही वाटत नसे.

पण या उद्योगानं तिला एक खोड लागली. लोकांची दारं किती खिळखिळी आहेत हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे कुठल्याही फॉर्मवर खरा फोन नंबर लिहायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. स्वतःसाठी तिनं एक जुना फोन ठेवला होता. त्याचा नंबर खास फॉर्मांसाठी, आणि तो फोन ऑफिसातल्या टेबलाच्या खणात पडलेला असे. घरातल्यांसाठी तिची पद्धत सोपी होती. शेवटच्या आकड्यात एक मिळवायचा, म्हणजे नको त्या लोकांचे नको ते फोन येत नाहीत. घरातले सगळे फॉर्म तिच्याकडेच यायचे, आणि हाताला हे इतकं सरावाचं झालं होतं की मनाला विचारावंही लागत नव्हतं. "किल्लीनं भरलेल्या फॉर्मवर बक्षीस लागलं तरी ते शेजाऱ्याच्या घरी जाणार," असं थोरले दीर म्हणायचे. सगळे हसायचे, तीही हसायची.

घर दोन भावांचं, दोन जावांचं, आणि स्वयंपाकघर एक. थोरल्या जावेला किल्ली ताई म्हणायची. ताई घरीच शिवणकाम करायच्या. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. दिवसभर पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज यायचा, आणि तो आवाज चालू आहे म्हणजे घर चालू आहे असं सगळ्यांना वाटायचं. किल्ली लग्न होऊन आली तेव्हा तिला धड कांदा चिरता येत नव्हता. ताईंनी तिला कधी हसून, कधी झापून हाताशी धरलं. सख्खी बहीण करणार नाही एवढं त्यांनी केलं होतं.

एका दुपारी मशीन मधेच थांबलं. "किल्ली, इकडे ये जरा. दार लोटून घे."

ताईंच्या छातीत एक गाठ लागत होती. महिनाभर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, सुईनं थोडा भाग काढून तपासायला द्या आणि रिपोर्ट घेऊनच माझ्याकडे या. "ह्यांना काही बोलू नकोस हं. बाहेरगावी आहेत, तिकडे जेवायचे नाहीत धड. कुणालाच नको."

"मी येते बरोबर. माझी थायरॉइडची तपासणी राहिलीच आहे. घरी सांगू, दोघी जातोय म्हणून."

तपासणी केंद्र काचेच्या दाराचं, गार, प्लास्टिकच्या झाडांचं. किल्लीचा नंबर लागला, तिच्यामागे ताईंचा. फॉर्म एका पाटीएवढ्या पडद्यावर बोटानं भरायचे होते. ताई चष्मा घरीच विसरल्या होत्या, म्हणून दोन्ही फॉर्म किल्लीनंच भरले. भरताना तिचं सगळं लक्ष ताईंच्या चेहऱ्याकडे होतं. त्या शांत दिसत होत्या, पण हातातल्या पावतीची त्यांनी घडी घालून घालून पार सुपारी करून टाकली होती.

"आठवड्याभरात मेसेज येईल," काउंटरवरची बाई म्हणाली. "काही तसं असलं तर आम्ही स्वतः फोन करतो. नाही आला फोन तर समजा सगळं ठीक."

हे शेवटचं वाक्य ताईंनी मनाशी पक्कं धरून ठेवलं.

आठव्या दिवशी, कॉलेजात डबा खाताना, खणातल्या फोनवर किल्लीच्या रिपोर्टचा मेसेज आला. तिनं लिंक उघडली. थायरॉइड ठीक होतं. पण तिची नजर वर पत्त्याच्या ओळीकडे गेली. ओळीच्या शेवटी रिपोर्टचा क्रमांक होता, अडतीस वर संपणारा, आणि उघडताना कुणी तिला पासवर्ड विचारला नव्हता, जन्मतारीख विचारली नव्हती, काहीच नाही. म्हणजे क्रमांक बदलला तर? छे, इतके गाफील कसे असतील?

याची योग्य रीत तिला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी याच केंद्रात तिनं एक तपासणी केली होती, त्याचा कागद घरी होता. संध्याकाळी घरी जायचं, तो क्रमांक घालून बघायचा. स्वतःचंच दार, स्वतःचंच कुलूप. पण खाज संध्याकाळपर्यंत थांबायला तयार नव्हती. बोट पुढे गेलं आणि आठाचा नऊ झाला.

रांगेत आपल्यामागे कोण उभं होतं, एवढा साधा विचार त्या क्षणी तिच्या मनात आला नाही.

पडद्यावर ताईंचं पूर्ण नाव आलं. वय, फोन नंबर, आणि खाली दोन ओळी. तिनं झटकन बंद केलं. तीन सेकंद झाले असतील नसतील. पण ज्याला वाचता येतं त्याला तीन सेकंद पुरतात, न वाचणं त्याच्या हातात उरत नाही. दुसऱ्या ओळीत कर्करोग हा शब्द होता.

डबा तसाच राहिला. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं केंद्राला पत्र लिहिलं. तुमच्याकडचा कुणाचाही रिपोर्ट कुणालाही दिसतो आहे, मी पडताळून पाहिलं आहे, कृपा करून आजच्या आज बंद करा. खाली नाव, पत्ता, फोन.

घरी आली तर मशीन चालू होतं.

"आला का गं तुझा रिपोर्ट?" ताईंनी मान वर न करता विचारलं.

"आला. ठीक आहे. तुमचा?"

"नाही बाई. फोनही नाही." आणि ताई चक्क हसल्या. "काही असतं तर केला असता ना त्यांनी."

किल्लीला वाटलं, यांना कळलंय आणि या लपवताहेत. ताईंचा स्वभावच तसा होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारातही सगळ्यांना हसून बोलायच्या आणि न्हाणीघरात जाऊन रडायच्या. मग आपण कोण त्यांचं झाकलेलं उघडणार? त्यांना सांगायचं तेव्हा त्या सांगतील, तोवर आपण पाठ करून उभं राहायचं. असं तिनं स्वतःला समजावलं. नियम मोडून झाल्यावर नियम पाळायला निघाली होती बिचारी.

पुढचे तीन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. ताई भाजी निवडत, ही समोर बसे, आणि नजर पुन्हा पुन्हा त्यांच्या छातीपाशी जाई, की ही मान खाली घाली. मशीन थांबलं की ही उठून दारापर्यंत जाई. चालू झालं की वाटे, किती दम काढतात या. आत राहायला आलेला पाहुणा आता ताटावर बसत होता, बसमध्ये शेजारी बसत होता. बाबा म्हणाले होते ते अगदी असंच. त्यात एक गोष्ट तिला काही केल्या समजेना. दुसऱ्या दिवशी ताईंनी एका लॉजचे चाळीस पडदे शिवायला घेतले, तीन महिन्यांचं काम. वर किल्लीला म्हणाल्या, "संपलं की कुठेतरी फिरायला जाऊ दोघी." जिला माहीत आहे ती बाई चाळीस पडदे घेईल का?

तिसऱ्या दिवशी कॉलेजात केंद्राच्या मॅनेजरचा फोन आला. आवाज गोड होता.

"मॅडम, तुमचं पत्र मिळालं. भोक बुजवलंय आम्ही. पण तुम्ही लिहिलंय, पडताळून पाहिलं. म्हणजे दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट उघडलात का?"

किल्लीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कसं आहे, आमचे वकील म्हणतात हे पोलिसात द्यावं लागेल. मी म्हटलं, कॉलेजात नोकरी करणारी बाई आहे, चांगल्या हेतूनं केलंय, कशाला? एक कागद पाठवतो. माझ्या स्वतःच्या रिपोर्टशिवाय मी कुणाचाही पाहिला नाही, एवढंच आहे त्यात. सही करून परवापर्यंत द्या, विषय संपला."

फोन ठेवल्यावर तिनं कपाटातून कॉलेजच्या नियमांची फाइल काढली. परीक्षेच्या कामावर असलेल्या माणसावर पोलिसात तक्रार झाली तर त्याला त्याच दिवशी कॉम्प्युटरपासून दूर करायचं, हा कॉलेजचा नियम. तो नियम लिहून काढला होता खुद्द किल्लीनंच. प्राचार्यांना वाईट वाटलं असतं, पण ते काही करू शकले नसते. आणि एकदा हॅकर म्हणून नाव पोलिसात गेलं की दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं?

नवऱ्याला तिनं निम्मं सांगितलं. त्यानं निम्म्यातच निकाल लावला. "सही करून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"खोटं आहे ते."

"कुणाला कळणार आहे? पाहिलास तरी कुणाचा?"

"ते नाही सांगणार."

"मग झालं तर. सांगणारच नाहीस तर पाहिल्यासारखं तरी कुठे झालं?" एवढं बोलून तो अंघोळीला गेला.

तो कागद दोन दिवस पिशवीत फिरला. मुदतीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत किल्लीनं तो टेबलावर पसरला आणि पेन उघडलं. तेवढ्यात शिपाईमामा आले. ग्रंथालयात पुस्तकांचं प्रदर्शन होतं, तिथला फॉर्म त्यांच्या हातात होता. "मॅडम, तेवढं भरून द्या ना. अक्षर बारीक आहे, मला दिसत नाही."

तिनं भरायला घेतला. नाव, पत्ता. मामांनी नंबर सांगितला, तिनं लिहिला.

"मॅडम, शेवटी चार म्हटलं मी. तुम्ही पाच लिहिलात."

"हो का?" म्हणत ती खोडायला गेली, आणि पेन तसंच राहिलं.

तिला तो गार हॉल दिसला. पाटीएवढा पडदा, त्यावरून फिरणारं आपलं बोट, ताईंच्या हातातली पावती. बोटानं काय लिहिलं होतं? ते आठवेना. पण ते तीन सेकंद मात्र आता पुन्हा डोळ्यांपुढे आले. ताईंच्या नावाखाली फोन नंबर होता. ताईंचा नंबर चारावर संपतो. तिथे पाच होता.

तिनं पाचाचा नंबर फिरवला. हा क्रमांक वापरात नाही, असं एका बाईनं शांतपणे सांगितलं. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

ताई काही लपवत नव्हत्या. ताईंना काहीच माहीत नव्हतं. केंद्रानं मेसेज पाठवला असेल, फोन केले असतील, आणि ते सगळे किल्लीच्या शहाणपणात जाऊन पडले असतील. सगळ्या जगापासून ताईंचा नंबर वाचवला होता तिनं. जिथे तो पोचायला हवा होता, तिथूनसुद्धा वाचवला.

"मॅडम, पाणी आणू का?" मामा म्हणाले. तिनं मान हलवली, टेबलावरचा कागद पिशवीत कोंबला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली. नुसतं म्हणायचं, चला, केंद्रात विचारून येऊ. बाकी काही बोलायची गरजच नाही. ताई तिथे जातील, त्यांचा कागद त्यांना मिळेल, आपण पिशवीतल्या कागदावर सही करू, कुणाला काही कळणार नाही. हे सगळं इतकं सोपं होतं की तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी तिनं ठरवलं ते हेच.

मशीनवर निळा पडदा होता. आजूबाजूला निळ्या कापडाचे ढीग.

"ताई, तो रिपोर्ट... जरा विचारून येऊ या का?"

"कशाला?" ताईंनी दोरा तोडला. "बारा-तेरा दिवस झाले. फोन नाही म्हणजे ठीक. त्या बाईनं तुझ्यासमोर सांगितलं की. महिनाभर झोप नव्हती मला, आता कुठे लागायला लागलीय. आपण होऊन कशाला टोकरायचं?"

"अहो, पण नंबर... तुमच्या फॉर्मवर माझ्याकडून नंबर चुकला असेल. ती माझी सवय. एक जास्त."

ताई खळखळून हसल्या. "तरी हे म्हणत होते! बरं, चुकला तर चुकला. बघू या पंधरा दिवसांनी. निम्मे पडदे होऊ देत."

"नको. आज."

"आजच काय अडलंय?"

किल्लीनं खाली पडलेला निळा कपडा उचलला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली. मशीनचा पाय थांबला. ताईंनी नाकावरचा चष्मा डोक्यावर सरकवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. वीस वर्षं एका ओट्याशी उभं राहिलेल्या बाईला चेहरा वाचायला काही उघडावं लागत नाही.

"तू वाचलायस."

किल्ली रडायला लागली.

"कधी?"

"पाच दिवस झाले."

"पाच दिवस." ताईंचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागला. "पाच दिवस माझ्यासमोर बसून भाजी निवडलीस तू?"

"मला वाटलं तुम्हाला कळलंय. आणि तुम्ही लपवताय म्हणून..."

"मी लपवत होते, मग तू उघडून बघायचंस?"

"मुद्दाम नाही हो. क्रमांक बदलून बघत होते. चुकलं माझं. बघणंही चुकलं आणि गप्प बसणंही चुकलं."

ताई उठल्या. सुई वर घेतली, पडदा सोडवला, त्याची घडी घातली. ती घडी तीनदा चुकली. "काय लिहिलंय त्यात?" त्या म्हणाल्या, आणि लगेच हात वर केला. "नको. सांगू नकोस. माझा कागद आहे, मी वाचीन. चल."

"ताई..."

"तुझ्याशी भांडण आहे माझं. ते नंतर. आता चल."

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. किल्लीला त्यांचा हात धरावासा वाटत होता, पण आपल्याला तो हक्क उरलाय की नाही हे तिला कळत नव्हतं.

केंद्रात गेल्यावर ताईंनी स्वतः आपलं नाव सांगितलं. काउंटरवरच्या बाईनं पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. "अहो, तुम्हाला चार वेळा फोन केले आम्ही. लागतच नव्हता."

"नंबर मी चुकीचा भरला होता," किल्ली म्हणाली. "यांची चूक नाही. माझी आहे."

आवाज ऐकून की आडनाव ऐकून, कोण जाणे, मागच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. "अरे वा, मॅडम, स्वतः आलात? कागद आणलात का?"

किल्लीनं पिशवीतून चुरगळलेला कागद काढला, काउंटरवर ठेवून सरळ केला. छापलेल्या ओळीवर तिनं आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, मी माझ्याशिवाय एक रिपोर्ट पाहिला, मला तसा काही अधिकार नव्हता. मग सही केली. नाव, पत्ता, फोन. शेवटचा आकडासुद्धा खरा.

मॅनेजरनं वाचलं. गोड आवाज गेला होता. "मॅडम, हे वकिलाकडे जाईल. तुमच्या कॉलेजातही कळवावं लागेल. एकदा विचार करा, मी दुसरा कोरा कागद देतो."

"असू दे हाच," किल्ली म्हणाली. उद्या सकाळी प्राचार्यांच्या खोलीत काय होईल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

ताईंनी हे सगळं पाहिलं होतं. त्यांच्या हातात पांढरा लखोटा आला होता. तो घेऊन त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेल्या. किल्ली त्यांच्या मागे चार पावलं गेली आणि थांबली. लखोटा फाडल्याचा आवाज आला, तशी ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

भिंतीवर सूचनांचा तक्ता होता. तपासणीला येताना उपाशीपोटी यावे. चालू औषधांची माहिती द्यावी. लहान मुलांना धरून बसावे. किल्लीनं पहिल्या सूचनेपासून वाचायला सुरुवात केली, शेवटापर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून घेतली. मागे कागद एकदा वाजला. प्लास्टिकच्या झाडापाशी कुणीतरी खोकलं, काचेचं दार उघडलं, मिटलं. तिनं तक्ता तिसऱ्यांदा वाचायला घेतला. मान तिनं वळवली नाही.

"किल्ली."

"अं?"

"इकडे वळ."

ती वळली. कागद ताईंच्या मांडीवर उघडा होता, आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"चष्मा आजही घरीच राहिला बघ," त्या म्हणाल्या. "वाचून दाखव."

चष्मा ताईंच्या डोक्यावर होता. किल्लीनं तो पाहिला. ती शेजारी बसली, कागद हातात घेतला, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं, सावकाश वाचायला लागली.